पहिलीचा वर्ग मिळालाय? सकाळच्या घंटेपासून दप्तर भरेपर्यंत काय करायचं

जून जवळ आला की मला दोनचार फोन ठरलेले. नवीन लागलेले शिक्षणसेवक, कोण बीडचं, कोण नांदेडचं, कोण आमच्याच चंदगडचं, आणि सगळ्यांचा सूर एकच की मॅडम, मला पहिली दिली ओ. जसं काय शिक्षाच झाली. मी बरीच वर्षं कोल्हापूर जिल्ह्यातच पहिली घेते, मागून घेते, त्यामुळं फोनवर अर्धा अर्धा तास जे सांगत बसते ते एकदाच टाइप करून ठेवतेय. अख्खं वर्ष नाही सांगत, फक्त एक दिवस. आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीला वर्षाचे किमान २०० दिवस सांगितलेत, त्यातला एक नीट बसला की बाकीचे त्याच्यावरच बेतायचे.

पायऱ्यांच्या आधी एकच गोष्ट. पहिलीचा दिवस पुस्तक उघडून सुरू करायचा नाही. पोराच्या तोंडातून आलेलं एक वाक्य पकडायचं आणि तेच दिवसभर वर्गात फिरवत ठेवायचं, वाचायला तेच, अक्षराला तेच, गणिताला तेच, गोष्टीला पण तेच. पुस्तक त्याच्या मागून येतं. मी पहिल्या वर्षी उलटं केलं होतं, पहिल्याच दिवशी फळ्यावर क ते ज्ञ काढून "म्हणा" म्हटलं. अकरा वाजेपर्यंत तिघं रडत होती, एक झोपलं होतं आणि एक कुंपणातून निसटून थेट मळ्यात आजोबांकडं पोचलं होतं.

आदल्या दिवशीची तयारी

फार काही लागत नाही. दोन मुठी चिंचोके, आईस्क्रीमच्या काड्या आणि रबर, जुन्या कॅलेंडरची पानं (पाठीमागची कोरी बाजू), एक जाड मार्कर, कात्री, सुतळी, पाट्या पुसायला ओली फडकी. आणि कपाटात दोन जास्तीच्या चड्ड्या आणि एक टॉवेल. हसू नका, पहिल्या आठवड्यातच लागतात.

अजून एक, हजेरीपटातल्या जन्मतारखा बघून ठेवा. आपल्याकडं ३१ डिसेंबरला सहा पूर्ण होणाऱ्याला पहिलीत घेतात, म्हणजे जूनमध्ये तुमच्यासमोर साडेपाच वर्षांचं पण पोर असणार आणि साडेसहाचं पण. या वयात एक वर्ष म्हणजे लई मोठा फरक. एक जण बूट स्वतः घालतो, दुसऱ्याला डबा पण उघडत नाही, आणि आपण म्हणतो हा हुशार आणि तो मठ्ठ. मठ्ठ नसतो, नोव्हेंबरातला असतो.

पायरी एक, दारात उभं राहा

टेबलावर बसून पोरांची वाट बघू नका. आपल्याकडं शाळा उघडते तेव्हा पाऊस नुकताच धरलेला असतो, प्रत्येक पोर छत्री, रेनकोट, दप्तर आणि आई अशा चार गोष्टी घेऊन येतं, त्यातल्या पहिल्या तीन ठेवायला जागा दाखवायची आणि चौथीला हसून घरी पाठवायचं. आई खिडकीत उभी राहिली की रडं थांबत नाही हे लिहून ठेवा. मी सरळ सांगते, "वहिनी, तुम्ही गेटच्या पलीकडं जावा, दहा मिनिटांनी मी फोन करतो."

हो, "करतो". बाहेरून आलेल्यांसाठी सांगते, आमच्याकडं बायका पण मी येतो, मी जातो असं बोलतात, वर्गातल्या मुली पण बोलणार. "बाई, मी पाणी पिऊन येतो" म्हणाली की लगेच "येतो नाही, येते म्हण" करू नका. ती तिच्या आईची भाषा आहे. तुम्ही तुमचं बोलत राहा, तिला पुस्तकातलं "येते" कानावर पडून पडून येईल. पहिल्या आठवड्यात भाषेवरून टोकलेलं पोर दिवाळीपर्यंत तोंड उघडत नाही, आणि तोंडच उघडलं नाही तर तुमच्या हातात वाक्य कुठनं येणार?

रडणाऱ्याला "आई आत्ता येते" असं खोटं सांगू नका. त्याला घड्याळ कळत नाही पण क्रम कळतो. आधी गप्पा, मग खिचडी, मग गोष्ट, मग आई, असं चार बोटांवर मोजून दाखवा आणि एकेक झालं की बोट मिटा. चौथ्या दिवशी पोर स्वतःच बोट मिटून दाखवतंय.

पायरी दोन, पाणी, संडास आणि चपला

पहिल्या दिवशी सगळ्यांची रांग करून नळ, संडास, ऑफिस, खिचडीची खोली चालत दाखवायची. घरात मागच्या दारी जायची सवय असलेल्या पोराला ती कडी आतनं लावता येत नाही, ती पण शिकवायची. माझ्या पहिल्याच वर्षी एक मुलगी बसल्या जागी ओली झाली आणि नंतर तिच्या आजीकडनं कळलं की एकीला जायचं तर विचारायचं असतं हेच तिला माहीत नव्हतं, तिला वाटलं बाई सांगतील तेव्हाच जायचं. तेव्हापासून माझा नियम एकच, करंगळी दाखवायची आणि जायचं, परवानगी मागत बसायचं नाही. सुरुवातीला सगळी एकदम करंगळ्या वर करतात, दोन दिवसांत मजा संपते.

पायरी तीन, गप्पा आणि वाक्य

परिपाठ झाला की गोलात बसायचं, तुम्ही पण खाली. "काल काय झालं घरात?" एवढंच विचारायचं. सुरुवातीला सगळी गप्प, मग एक सुरू झालं की धरण फुटल्यासारखं. कुणाच्या अंगणात साप, कुणाच्या मामाची नवी गाडी, आषाढात त्र्यंबोलीच्या यात्रेचं पी ढबाक, म्हणजे पिपाणी-ढोलाचं वाजप. पेठेतल्या शाळेत असाल तर पीटीएम आणि खंडोबा या तालमींची फुटबॉल मॅच, कोण जिंकलं यावरून वर्गातच दोन तट.

आता धरा एक पोर म्हणालं, "बाई, आमची म्हस व्याली." झालं, आजचं वाक्य मिळालं. ते फळ्यावर मोठ्या अक्षरात जसंच्या तसं लिहायचं:

आमची म्हस व्याली.

"म्हैस" असं सुधारून लिहायचं का, हा वाद आमच्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या बैठकीत दर वेळी होतो. माझं मत, पहिल्या महिन्यात नाही. आपण बोललो तेच फळ्यावर उमटलं हा धक्का पोराला बसायला पाहिजे, त्याच्यासाठीच सगळा खटाटोप. म्हस बोललं आणि फळ्यावर दुसरंच काही दिसलं तर ते त्याचं राहिलं काय? दोन महिन्यांनी शेजारी म्हैस लिहा आणि सांगा की पुस्तकात असं असतं. ज्याचं वाक्य त्याचं नाव पण कोपऱ्यात लिहायचं. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना वाक्य द्यायचं असतं, मग तारीख लावून नंबर द्या, नाहीतर दोन आगाऊ पोरंच वर्ष खातात आणि मागच्या बाकावरची एखादी मार्चपर्यंत बोलत नाही.

पायरी चार, वाचन

बोट फिरवत तीन-चार वेळा सगळ्यांनी म्हणायचं. मग कॅलेंडरच्या पानावर वाक्य लिहून कात्रीनं तीन तुकडे करायचे, आमची, म्हस, व्याली. तुकडे मिसळायचे आणि पोरांना लावायला द्यायचे. "म्हस आमची व्याली" लागलं की सगळी हसतात, ते हसणं म्हणजेच वाचन, त्यांना कळलंय की काहीतरी चुकलं. मग "आमची"च्या जागी "तुमची" ठेवा, म्हस काढून गाय ठेवा, शेळी ठेवा.

नवीन लोकं इथं घाबरतात की व्याली, म्हस ही जोडाक्षरं पहिलीत कशी? ती शिकवायची नाहीतच ओ, ती पोरं चित्रासारखी ओळखतात, दुकानाची पाटी ओळखतात तशी. अक्षर म्हणून उचलायचे फक्त सोपे, या वाक्यातून म आणि च. त्यात क, ल आणि काना मिसळा आणि बघा काय काय होतंय, मका, मामा, काका, काम, चाक, चाल, लाल, चमचा. चार अक्षरांत एवढं पीक. म्हणून क ख ग घ ङ या रांगेनं जायचं नाही, त्या रांगेत ङ येईपर्यंत एक धड शब्द वाचून होत नाही. आपली जुनी गमभन वाली मंडळी पण रांग मोडूनच शिकवायची, फक्त त्यांचा हिशोब आकाराचा होता, चौघांनाही उभी दांडी, हात एकदा बसला की चारही येतात. लिहायला तो हिशोब अजून चालतो.

आवाज तोडायचा खेळ घ्या, त्याला पी ढबाकसारखं मस्त काही नाही. बाकावर थाप मारत शब्द तोडायचा, मा-मा, चम-चा. इथं एक गंमत होते. "आमची"ला तुम्हाला वाटतं तीन थापा, आ-म-ची, पण पोर दोनच मारतं, आम-ची. ते चुकलेलं नाही, त्याच्या कानाला तसंच ऐकू येतं आणि आपण बोलतोही तसंच. "बरोबर, कानाला दोन, आता डोळ्यानं मोज" म्हणायचं आणि फळ्यावरची तीन अक्षरं मोजायला लावायची. हा फरक न सांगितल्यामुळं पुढं किती पोरं म चा पाय मोडून "आम्ची" लिहितात ते तिसरी-चौथीच्या बाईंना विचारा.

पायरी पाच, गणित

छोट्या सुट्टीनंतर डोकी ताजी असतात तेव्हाच गणित. वाक्य तेच. म्हशीला पाय किती? रेडकाला किती? दोघांचे मिळून चिंचोके मांडा. सकाळी चार लिटर दूध, संध्याकाळी तीन, डेअरीला किती गेलं? शेतातलं पोर इथं तुम्हालाच शिकवतं, की बाई, व्याल्या व्याल्या डेअरीला घालत नाहीत, चीक असतोय, खरवस करायचा असतोय. ऐकून घ्या, गणित दोन मिनिटं थांबलं तर काही बिघडत नाही. शहरातल्या शाळेत म्हस नसली तरी गंगावेशीत समोरच म्हशीची धार काढून देतात तो दूध कट्टा बघितलेलं एखादं पोर निघतंच.

आकडे लिहायला घेतले की एक गोष्ट डोक्यात ठेवा. मराठीत आपण एकक आधी बोलतो. पंचवीस म्हणताना पाच आधी, वीस मागून, म्हणून पोर ५२ लिहितं. ते ढ नाही, कानावर विश्वास ठेवणारं आहे. २०१९ ला दुसरीच्या पुस्तकात "वीस पाच" अशी वाचायची रीत आली तेव्हा केवढा दंगा झाला होता, व्हॉट्सॲपवर जोकच जोक. मला विचाराल तर वर्गात दोन्ही बोलावं, बाजारात पंचवीसच चालणार पण काड्यांचे गठ्ठे हातात असताना "दोन दहा आणि पाच" म्हटल्याशिवाय डोक्यात बसत नाही. दहा काड्या झाल्या की रबर लावायचा, हा रबर पोरानंच लावायचा, तुम्ही नाही. बोटं दुखतात, तुटतो, तोंडावर उडतो, लावू दे.

एकोणवाले तर त्याहून अवघड, एकोणतीस ऐकलं की कानात तीसच घुमतं. पण आपल्याकडं जुलैत पंचगंगा मदतीला येते. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा पातळी आणि ४३ म्हणजे धोका, हे आकडे घरोघरी टीव्हीवर आणि मोबाईलवर चालू असतात, नदीकाठच्या गावांतलं सहा वर्षांचं पोर पण "एकोणचाळीसला गेली बाई" म्हणून येतं. भिंतीवर चुन्यानं पट्टी काढा, चाळीसची रेघ मारा, एक खाली एकोणचाळीस. त्यांना कळतं की चाळीसला एक कमी. फक्त २०१९ किंवा २०२१ च्या पुरात ज्यांचं घर पाण्यात गेलं त्या घरातली पोरं असतील तर जपून, त्यांच्यासाठी तो आकडा खेळ नाही.

खिचडी

इथं शिकवायचं काही नाही असं वाटतं पण सगळ्यात जास्त शिकणं इथंच. हात धुणं, रांग, ताट धरणं, सांडलं तर पुसणं. आधी तुम्ही चव घ्या, वहीत नोंद करा, मगच वाढप. पहिली ते पाचवीला नियमानं मुलामागं १०० ग्रॅम तांदूळ, ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रोटीन असा हिशोब असतो, पण पहिलीच्या पोराचं पोट त्या हिशोबाचं नसतं. थोडं थोडं दोनदा वाढायला स्वयंपाकाच्या मावशींना सांगा. ताट संपवायची जबरदस्ती करू नका, ओकलेलं नंतर तुम्हालाच निस्तरावं लागतं.

पायरी सहा, दुपार

जेवणानंतर वही उघडायला लावणं म्हणजे स्वतःला त्रास. डोळे जड झालेले असतात. पंधरा मिनिटं आडवं पडू द्या, खरंच झोपलं तर झोपू द्या, साहेब आले तर त्यांना मी काय सांगते ते नंतर कधीतरी.

मग गोष्ट. पुस्तकातली नसली तरी चालेल, त्याच म्हशीची. रेडकू रात्री गोठ्यातनं बाहेर पडलं आणि... पुढं काय ते पोरांना सांगू दे. एकानं वाघ आणायचाच, दर वर्षी आणतात. गोष्ट झाली की माती, शाडू नाहीतर साधी चिखलमाती, म्हस करा, रेडकू करा, दावं वळा. हे टाइमपास म्हणून करत नाही आपण. माती वळून, मणी ओवून, कागद फाडून बोटांत जोर आल्याशिवाय पेन्सिल तीन बोटांत बसत नाही, मुठीत धरतात आणि दोन ओळींत हात दुखतो म्हणतात.

पायरी सात, लिहिणं, आणि तेही थोडंच

आधी हवेत बोटानं म, मग जमिनीवर सांडलेल्या मातीत, मग पाटीवर. वही ऑगस्टमध्ये. म उलटा निघेल, च आरशातल्यासारखा निघेल, या वयात निघतोच, लाल पेनानं फुली मारू नका, शेजारी तुम्ही नीट काढा. डाव्या हातानं लिहिणाऱ्याला डाव्याच हातानं लिहू दे, फक्त त्याला बाकाच्या डाव्या टोकाला बसवा म्हणजे शेजाऱ्याच्या कोपराशी मारामारी होत नाही. भ-म, घ-ध, ब-व या जोड्या एकाच आठवड्यात घ्यायच्या नाहीत. एक पक्कं झालं की तीनेक आठवड्यांनी दुसरं.

आणि हात उचलायचा नाही. आरटीईच्या सतराव्या कलमात मारायला बंदीच आहे, पण इथले पालक स्वतः येऊन सांगतात, "दोन ठेवून द्या ओ बाई, घरात ऐकत नाही." हसायचं आणि "बघतो" म्हणायचं. बघायचं काहीच नाही.

कागदकाम आणि गैरहजेरी

सरल, यू-डायस, आधार, ही सगळी ऑनलाइन नोंदींची भानगड पोरं गेल्यावर. वर्गात मोबाईल हातात घेतला की पाच मिनिटांत वर्ग गेला.

गैरहजर पोराच्या घरी मात्र त्याच दिवशी फोन. १९१७ साली शाहू महाराजांनी संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं तेव्हा पोर न धाडणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड होता, आपल्या हातात दंड नाही, फोन आहे. "तुमच्या पोरीचं आज वाक्य होतं, ती आलीच नाही" एवढं म्हटलं की आई दुसऱ्या दिवशी स्वतः सोडायला येते. दिवाळीच्या आसपास ऊसतोडीच्या टोळ्या येतात, त्यांची पोरं मधेच वर्गात येऊन बसतात. शिक्षण हमी कार्ड (गाव सोडून जाणाऱ्या पोराला शाळा देते ते) आहे का विचारा, नसलं तरी बसवून घ्या, आणि पहिल्याच दिवशी त्यांचं वाक्य फळ्यावर घ्या. मराठवाड्याचं वाक्य आणि आमचं वाक्य शेजारी शेजारी लागलं की वर्गाला दिवसभर पुरतं.

घाई कुणाची?

पालकांची. "शेजारच्या इंग्लिश मिडियमचं पोर शंभरपर्यंत लिहितं ओ." सांगा की निपुण भारत या सरकारी कार्यक्रमात पहिलीच्या शेवटाला काय यायला पाहिजे ते ठरलंय, चार-पाच सोप्या शब्दांचं न बघितलेलं वाक्य वाचणं आणि ९९ पर्यंत आकडे वाचता-लिहिता येणं, सोबत सोपी बेरीज-वजाबाकी. म्हणजे एप्रिलपर्यंत वेळ आहे, आणि आपण तर जूनमध्येच तीन शब्दांचं वाक्य वाचतोय. गृहपाठ एकच द्या, आजचं वाक्य घरी आजीला सांगायचं आणि आजी काय म्हणाली ते उद्या सांगायचं. कित्येकदा दुसऱ्या दिवसाचं वाक्य त्यातनंच निघतं.

सुटताना

दप्तर स्वतः भरू दे, दहा मिनिटं आधी सुरू करा. पाटी कुणाची, डबा कुणाचा, एक बूट कायम हरवलेला. आजच्या वाक्याची पट्टी सुतळीवर लटकवा, ज्याचं वाक्य त्यानंच चिमटा लावायचा. गेटवर प्रत्येकाला घरच्या माणसाच्याच हातात द्या, "काका म्हणतोय" एवढ्यावर सोडू नका, फोन करून विचारा.

आणि फळ्यावरचं वाक्य पुसू नका. सकाळी सगळ्यात आधी येणारं पोर दारातनं ते वाचतंय काय ते बघा. आमच्या त्या म्हशीवाल्यानं दुसऱ्या दिवशी वाचलं, आणि दप्तरातनं खरवसाचा डबा काढला, अर्धा वाटेतच संपलेला.